टोलीडो ट्रूपर्स: नऊ हंगामांत फक्त चार पराभव, आणि तरीही संघ बंद का पडला?

मौमीकाठ

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या उत्तर टोकाला, मौमी नदी ईरी सरोवराला मिळते तिथे टोलीडो शहर आहे. काचेचे कारखाने आणि जीप गाड्या यांवर वाढलेलं कामगारांचं गाव. नोकरीच्या निमित्ताने आम्ही इथे स्थायिक झालो. इथल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात एका संघाचं नाव वारंवार यायचं, म्हणून त्याबद्दल वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. टोलीडो ट्रूपर्स. बायकांचा संघ, खेळ अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्याचे पॅड, अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूला सगळ्या ताकदीने आडवं करणं, सगळं पुरुषांच्या खेळातल्यासारखं.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. क्लीव्हलंडला सिड फ्रीडमन नावाचा एजंट होता. कलाकारांचे कार्यक्रम लावून देणं हा त्याचा धंदा. बायकांना फुटबॉल खेळायला लावला तर तिकिटं खपतील, असं १९६०च्या दशकात त्याच्या डोक्यात आलं. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स गावोगाव फिरून बास्केटबॉलचे खेळ करायचे, तसं काहीतरी त्याच्या मनात होतं. आधी क्लीव्हलंडचा संघ झाला, मग आसपासच्या शहरांत लोण पोचलं. १९७१ला टोलीडोचा नंबर लागला आणि प्रशिक्षक म्हणून बिल स्टाउट आले. स्टाउटना करमणुकीत रस नव्हता. त्यांनी पोरींकडून पुरुष संघासारखी कवायत करून घेतली, धावायला लावलं, ब्लॉकिंग (समोरच्याला अडवून धरणं) आणि टॅकलिंग (पकडून आडवं करणं) पुन्हा पुन्हा घटवून घेतलं.

१९७१ ते १९७९ या नऊ हंगामांत ६१ विजय आणि ४ पराभव. १९७१ ते १९७७ सलग सात विजेतेपदं. लिंडा जेफरसन ही त्यांची हाफबॅक, म्हणजे चेंडू बगलेत घेऊन पळणारी. तिने सलग पाच हंगामांत दर हंगामी हजार यार्डांच्या वर धाव घेतली. पुरुषांच्या एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगमध्येही हजार यार्डांचा हंगाम हा चांगल्या धावपटूचा दाखला मानतात, आणि त्यांना त्या काळी १४ सामने मिळायचे. १९७५ची सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून ‘विमेनस्पोर्ट्स’ मासिकाच्या वाचकांनी लिंडाला निवडलं. हे मासिक टेनिसपटू बिली जीन किंगने सुरू केलेलं.

१९७४ला नॅशनल विमेन्स फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा ट्रूपर्स तिच्या सात संस्थापक संघांपैकी एक होत्या. आणि १९७९नंतर संघ संपला. १९८३ला इथून दोन-अडीच तासांवरच्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमने या संघाला व्यावसायिक फुटबॉलच्या इतिहासातला सर्वाधिक यशस्वी संघ म्हणून मान दिला. तोवर संघ बंद होऊन चार वर्षं झाली होती.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘त्या काळी बायकांनी केवढं धाडस केलं’ इथवर येऊन थांबतात. मला ते अपुरं वाटतं. हा मुळात फार चांगला फुटबॉल खेळणारा संघ होता आणि त्याच्याकडे तसंच बघायला हवं. म्हणून माझा प्रश्न: इतका जिंकणारा संघ नऊ वर्षांत का बुडावा? जाणकारांनी लिहावं.

तांबडा_रस्सा

जबरदस्त धागा! आधी एक शंका. त्या खेळात नक्की काय चालतं ते मला कधी कळलेलं नाही. चार पावलं पळतात की लगेच शिट्टी. कोणी दोन ओळींत समजावेल का?

चढाईपटू

रस्सा, कबड्डीच्या भाषेत सांगते, शालेय ते जिल्हा पातळीपर्यंत खेळलेय. चढाई करणारीला एका दमात काम उरकायचं असतं, इथे चार दमांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलात तर आणखी चार संधी, नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांना. मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू घेऊन पलीकडची रेघ ओलांडली की सहा गुण. समोरच्या अकरा जणी तुम्हाला पकडून जमिनीवर आणणार. प्रत्येक पकडीनंतर शिट्टी वाजते, सगळे पुन्हा रांगेत उभे राहतात, नवी चाल ठरते.

मौमीकाठ, लिंडा जेफरसनबद्दल अजून लिहा ना. पकडीतून निसटणाऱ्या खेळाडूचं सगळं कसब कमरेत असतं. ती कशी पळायची?

मौमीकाठ

चढाईपटू ताई, फार छान समजावलंत. लिंडा सडपातळ आणि अतिशय वेगवान होती. स्टाउट यांचा खेळ मुख्यतः पळण्यावर उभा होता. पुढची फळी एका बाजूला सरकून वाट मोकळी करायची आणि लिंडा कडेने वळसा घालून निघायची. याला स्वीप म्हणतात. एकदा मोकळी जागा मिळाली की मागून कोणी तिला गाठू शकायचं नाही. पण यात पुढच्या फळीतल्या पोरींचं श्रेय कोणी विसरू नये. चेंडू कधीच त्यांच्या हातात येत नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही, आणि दर चालीला मार मात्र त्यांनाच. मला त्यांच्याबद्दल लिंडाइतकाच आदर आहे.

पुढे लिंडा एबीसी वाहिनीच्या सुपरस्टार्स कार्यक्रमातही होती. वेगवेगळ्या खेळांतले नामवंत खेळाडू तिथे एकमेकांशी निरनिराळ्या शर्यती खेळायचे. म्हणजे ओळख अगदीच झाली नाही असं नाही.

कोकणकडा

कौतुक योग्यच आहे, पण थोडं विरुद्ध बाजूने. ६१-४ हा आकडा ऐकायला भारी वाटतो. समोर कोण होतं तेही बघा. बहुतेक संघ नवे, प्रशिक्षक मिळेल तो, सराव जमेल तसा. एक संघ गंभीरपणे सराव करतो आणि बाकीचे नवशिके असतील, तर आकडे फुगतातच. सर्वाधिक यशस्वी वगैरे म्हणताना हेही ध्यानात ठेवावं. आणि सात सलग विजेतेपदांतल्या १९७६चं काय? त्या वर्षी ओक्लाहोमा सिटीने यांना हरवलं होतं ना?

मौमीकाठ

कोकणकडा, मुद्दा रास्त आहे. ओक्लाहोमा सिटी डॉल्स १९७६ला लीगमध्ये आल्या, पहिल्याच हंगामात अपराजित राहिल्या आणि ट्रूपर्सनाही त्यांनी हरवलं. त्यांचे प्रशिक्षक माइक रेनॉल्ड्स. १९७६चं विजेतेपद टोलीडोवाले आपलं मानतात आणि ओक्लाहोमावाले आपलं. दोन्ही गावांतली जुनी माणसं आजही त्यावर हटून बसतात, आणि मला ते फार आवडतं. ज्या सामन्यावर पन्नास वर्षांनी भांडण होतं तो सामना खरा.

समोरचे संघ कच्चे होते हे खरं. पण कच्च्या संघांना नऊ वर्षं सातत्याने हरवणं सोपं नसतं. एखाद्या दिवशी पाऊस असतो, मैदान चिखल झालेलं असतं, मुख्य खेळाडू जायबंदी असते. या दिवसभर कारखान्यात, इस्पितळात, दुकानात, बारमध्ये नोकऱ्या करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या बायका होत्या. कित्येक जणींना लहान मुलं होती. सामन्यामागे २५ डॉलर मिळायचे, म्हणून व्यावसायिक म्हणायचं. त्या पैशात पेट्रोल आणि जेवण सुटलं तरी खूप.

टेक्सासची_काकू

आमच्या डॅलसचं नाव कोणीच घेतलं नाही म्हणून लिहिते! १९७४च्या त्या सात संघांत दोन आमच्याकडचे, डॅलस ब्लूबॉनेट्स आणि फोर्ट वर्थ शॅमरॉक्स. बाकी टोलीडो, कोलंबस पेसेटर्स, डेट्रॉइट डेमन्स, आणि पश्चिमेकडे लॉस एंजेलिस डँडेलायन्स व कॅलिफोर्निया मस्टँग्ज. आता नकाशा उघडून ही गावं बघा. डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला सामना खेळायला जायचं म्हणजे अख्खा देश ओलांडायचा. विमानाचं तिकीट कोण देणार? मौमीकाठ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पुढे लीग वाढली, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, टल्सा, सॅन डिएगो, फिलाडेल्फिया अशी गावं जोडली गेली. प्रत्येक नवं गाव म्हणजे नवा प्रवासखर्च. तिकीटविक्रीतून तो निघत नव्हता, टीव्हीचे पैसे नव्हते. मालकाचा खिसा रिकामा झाला की संघ बसला.

ब्लूबॉनेट हे टेक्सासचं राज्यफूल बरं का. मार्च-एप्रिलमध्ये हमरस्त्यांच्या कडेने निळा गालिचा पसरतो. कोणी या बाजूला येणार असेल तर तेव्हा या, घर आपलंच आहे.

खारी_बिस्कीट

काकू, फुटबॉल राहू दे, फुलांचे फोटो टाका :)

निवृत्त_मास्तर

मी आयुष्यभर शाळेत खेळाचा तास घेतला. मुलींचा संघ बांधणं आणि टिकवणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. संघ बांधायला एक झपाटलेला माणूस पुरतो. टिकवायला दरवर्षी खालून नव्या मुली याव्या लागतात. मला विचारायचं आहे की टोलीडोत लिंडानंतरची लिंडा कुठून येणार होती? तिथल्या शाळांत मुलींसाठी फुटबॉल होता का? नसेल तर वीस-बावीस वर्षांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट घालायचं आणि तिथून शिकायला लागायचं. असा संघ पहिल्या पिढीबरोबर म्हातारा होतो.

गवती_चहा

मास्तर, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. मी इथे एका महाविद्यालयाच्या प्रशासनात काम करते, त्यामुळे कायद्याची बाजू मांडते.

जून १९७२मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेला ‘टायटल नाइन’ हा कायदा बहुतेकांनी ऐकला असेल. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. मूळ कायद्यात खेळाचा उल्लेखही नाही, पण त्याचा सगळ्यात मोठा परिणाम खेळावर झाला. त्याआधी मुलींच्या खेळांना शाळा-कॉलेजांत जवळपास पैसाच नसायचा. त्यानंतर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणं, सॉकर असे मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

यात मेख अशी की १९७५च्या नियमावलीत अंगझटीच्या खेळांना सवलत दिली गेली. बॉक्सिंग, कुस्ती, रग्बी, आइस हॉकी, फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांत मुलीला मुलांच्या संघात घेणं संस्थेवर बंधनकारक राहिलं नाही. बास्केटबॉलमध्ये मुलींचे वेगळे संघ निघाले, म्हणून तो वाढला. फुटबॉलमध्ये मुलांच्या संघाचं दार बंद आणि मुलींचा वेगळा संघ कोणी काढला नाही.

म्हणजे काय झालं बघा. १९७१ला टोलीडोतल्या दणकट, वेगवान मुलीला खेळायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ती ट्रूपर्सकडे आली. १९७९च्या तशाच मुलीपुढे बास्केटबॉल होता, ट्रॅक होता, कदाचित शिष्यवृत्तीही. ती फुटबॉलकडे कशाला येईल? ज्या कायद्याने मुलींच्या खेळाचं भलं केलं, त्यानेच फुटबॉलच्या वाट्याच्या मुली दुसरीकडे नेल्या. कायद्याबद्दल मला अपार कृतज्ञता आहे, माझ्या दोन्ही मुली त्याच्या जोरावर खेळल्या. पण ही बाजू सांगायलाच हवी.

कोकणकडा

गवती चहा, हे माहीतच नव्हतं. उत्तम प्रतिसाद.

पारिजात_७

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. त्या लीगमधल्या बऱ्याच खेळाडू समलिंगी होत्या. काही शहरांत समलिंगी स्त्रिया जिथे जमायच्या त्या बारमधूनच संघांना खेळाडू मिळाल्या. १९७०च्या दशकात हे उघड झालं तर नोकरी जाण्याची, मुलांचा ताबा जाण्याची भीती असायची. संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत मात्र कोणी कोणाला जाब विचारत नसे. त्यामुळे खूप जणींसाठी तो संघ घराइतका जवळचा होता. वर्तमानपत्रं मात्र यांच्या खेळापेक्षा लिपस्टिक, केस आणि नवरा काय म्हणतो यावरच जास्त लिहायची. खेळाडूंना तेच तेच प्रश्न विचारले जायचे आणि त्या हसून उत्तरं द्यायच्या. हसण्यामागे किती गोष्टी झाकाव्या लागत असतील याचा विचार करते तेव्हा मला त्या फार मोठ्या वाटतात.

चढाईपटू

पारिजात, मनापासून आभार, हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

प्रश्नांवरून आठवलं. आमच्या गावात मी चढाईला उतरले की कट्ट्यावरून एकच वाक्य यायचं, ‘गुडघा फुटला तर हिच्याशी लग्न कोण करणार?’ माझा गुडघा फुटलाही आणि लग्नही झालं. पण माझ्याबरोबरची आमची सगळ्यात चांगली पकड करणारी मुलगी त्या वाक्यामुळे घरी बसवली गेली. तिच्या हातात जी ताकद होती ती मी नंतर कोणात बघितली नाही. संघ हरल्याचं दुःख काही दिवसांत ओसरलं, ती गेल्याचं ओसरलं नाही.

बोरीबंदर

थोडं अवांतर, पण याच काळातलं. पॅट्रिशिया पॅलिन्कास. ऑगस्ट १९७०. पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉल संघातून खेळलेली पहिली बाई. फ्लॉरिडाचा ऑर्लँडो पँथर्स हा खालच्या दर्जाच्या लीगमधला संघ. तिचा नवरा स्टीव्ह चेंडू लाथेने गोलात मारणारा किकर, आणि ही त्याच्यासाठी चेंडू जमिनीवर धरून ठेवणारी. ब्रिजपोर्ट जेट्सविरुद्ध पहिल्याच वेळी चेंडू नीट हातात आला नाही, म्हणून तिने तो उचलून पळायचा प्रयत्न केला आणि समोरच्या धिप्पाड खेळाडूने तिला आडवं केलं. मुद्दाम जोरात मारलं, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलंही. ती उठली आणि पुढच्या किकसाठी पुन्हा जागेवर येऊन चेंडू धरला.

ट्रूपर्सचा जन्म याच्या पुढच्याच वर्षी झाला. बाई फुटबॉलच्या मैदानात दिसली की पुरुषांना काय वाटायचं ते यावरून कळतं.

रेल्वे_क्वार्टर्स

मौमीकाठ यांच्या प्रश्नाकडे परत येतो, वाट आपल्या पुण्यावरून काढून. १९७३ला, म्हणजे ट्रूपर्स तिकडे एकामागून एक जिंकत होत्या तेव्हा, भारतात महिला क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पैसा नव्हता. खेळाडू बिनआरक्षणाच्या डब्यातून प्रवास करायच्या, मिळेल तिथे सतरंजी टाकून झोपायच्या. टीव्ही नाही, प्रायोजक नाहीत. हालअपेष्टांत ट्रूपर्सपेक्षा रतीभरही कमी नाही. तरी १९७६ला शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून पहिला कसोटी विजय मिळाला, आणि २०२५ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषक हातात आला.

मग ते टिकलं आणि हे का नाही? माझ्या मते दोन कारणं. पहिलं, आपल्याकडे संघ कोणा मालकाचे नव्हते, राज्यांच्या संघटना होत्या. एखादा माणूस थकला तर दुसरा यायचा. दुसरं, आणि माझ्या लेखी जास्त मोठं, रेल्वेने मुलींना नोकऱ्या दिल्या. माझे वडील रेल्वेत होते, क्वार्टर्समध्ये खेळाडू मुली राहायच्या. महिन्याच्या पगाराची हमी असलेली मुलगी तिशीपर्यंत खेळू शकते. डायना एदलजींसारख्या मुंबईच्या खेळाडूने स्वतः मोठी कारकीर्द केलीच, शिवाय मागून येणाऱ्या मुलींना रेल्वेत जागा मिळावी म्हणून जिवाचं रान केलं. ट्रूपर्सना दिवसा एक नोकरी आणि संध्याकाळी फुटबॉल, अशी दोन आयुष्यं जगावी लागली. जीपच्या कारखान्याने किंवा काच कंपनीने ‘या आमच्या खेळाडू’ म्हणून पगारी जागा दिल्या असत्या, तर टोलीडोचा संघ आजही दिसला असता असं मला ठाम वाटतं.

निवृत्त_मास्तर

रेल्वे क्वार्टर्स, सुंदर. कबड्डी, खो-खोतही तेच झालं. बँका, पोलीस, रेल्वे यांच्या नोकऱ्यांनी महाराष्ट्रातल्या मुलींचा खेळ जगवला. घरचे लोकही ‘खेळून नोकरी लागते’ म्हटल्यावर मुलीला मैदानावर पाठवायचे. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी त्याच एका आशेवर पहाटे मैदानात यायच्या.

कोकणकडा

नोकरीचा मुद्दा पटतो, क्रिकेटची तुलना पूर्ण पटत नाही. भारतात क्रिकेट बायकांनी खेळलं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे पुरुषपणाची परीक्षा. शाळेतल्या मुलाला बाप त्यासाठीच मैदानावर पाठवतो. तिथे बायका तोच खेळ उत्तम खेळतात म्हटल्यावर ती परीक्षाच मोडीत निघते. त्या समाजाने डोळे मिटून घेतले यात आश्चर्य नाही. पुढे २००९ला अंतर्वस्त्रांत फुटबॉल खेळायची लीग निघाली, तिला मात्र पैसा मिळाला, प्रेक्षक मिळाले. फ्रीडमनला १९६०च्या दशकात जे विकायचं होतं त्याचंच हे नवं रूप. यावरून काय खपतं आणि काय बघायला लोक तयार नसतात, ते समजतं.

पारिजात_७

कोकणकडा, विश्लेषणाशी सहमत. फक्त त्या लीगमधल्या खेळाडूंवर राग नको. त्यातल्या कित्येक उत्तम धावपटू होत्या आणि पूर्ण कपड्यांत खेळायला मिळालं असतं तर आनंदाने खेळल्या असत्या. त्या पेहरावात मार खाताना कातडी सोलवटून निघायची, ती त्यांची.

कोकणकडा

खेळाडूंवर राग अजिबात नाही. चालवणाऱ्यांवर आहे.

बॉस्टनकर_भाऊ

धाग्याला उशिरा पोचलो. ट्रूपर्सनंतर सगळं संपलं असा समज होऊ नये म्हणून लिहितो.

१९९९ला मिनेसोटात पुन्हा सुरुवात झाली. मिनेसोटा व्हिक्सन आणि लेक मिशिगन मिंक्स हे दोन संघ घेऊन प्रदर्शनीय दौरा निघाला, पहिला सामना मिनिआपोलिसच्या मेट्रोडोममध्ये. व्हिक्सन आजही खेळतात, अखंड चालू असलेला अमेरिकेतला सर्वांत जुना महिला संघ तो. पुढच्या काही वर्षांत तीन-चार वेगवेगळ्या लीग निघाल्या, फुटल्या, एकमेकींत मिसळल्या. २०१०ला स्टॉकहोममध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेने संपूर्ण स्पर्धेत एकही गुण दिला नाही आणि अंतिम सामन्यात कॅनडाला ६६-० हरवलं. ट्रूपर्सची परंपरा म्हणतात ती अशी.

आमच्या बॉस्टन रेनेगेड्स हल्लीच्या सगळ्यात बलाढ्य. एकदा कँटनला अंतिम सामना होता तेव्हा एनएफएलमधल्या पेट्रियट्स संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी आपल्या संघाचं विमान यांना दिलं. बातमी वाचून आम्हा मित्रांना फार बरं वाटलं. पण त्याच वेळी हेही खरं की या खेळाडू आजही स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून खेळतात. प्रवास, विमा, पोशाख, सगळ्यात त्यांचा वाटा. ट्रूपर्सना सामन्यामागे २५ डॉलर मिळत होते. पन्नास वर्षांनी उलट पैसे भरावे लागतात.

तांबडा_रस्सा

भाऊ, शेवटचं वाक्य वाचून सुन्न झालो. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल येतोय ना? मग पैसा येईल की.

गवती_चहा

रस्सा, ऑलिम्पिकमध्ये येतोय तो फ्लॅग फुटबॉल. पाच-पाच जणांचे संघ, कमरेच्या फिती ओढायच्या, टॅकल नाही. त्यामुळे शाळांत मुलींसाठी तो झपाट्याने वाढतोय आणि एनएफएलही त्यावर खर्च करते. मला आनंदच आहे. पूर्ण ताकदीचा खेळ खेळू पाहणाऱ्या मुलींना त्यातून किती मिळेल याबद्दल मात्र मी साशंक आहे. १९७५च्या वेळी पैसा शेजारच्या खेळांकडे वळला होता, यावेळी शेजारी त्याच नावाचा आहे.

मौमीकाठ

मंडळी, धागा काढताना एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टेक्सासच्या काकूंचा प्रवासखर्च, गवती चहांचा कायदा, रेल्वे क्वार्टर्सच्या नोकऱ्या, सगळं पटलं. तरी मी मास्तरांच्या प्रतिसादावर अडलोय. खालून मुली येत नव्हत्या हे मला मूळ कारण वाटतं. पैसा आणखी दोन-तीन वर्षं पुरला असता तरी लिंडाच्या पिढीनंतर तो दर्जा राहिला नसता.

टोलीडोत ते पुरतं विझलं मात्र नाही. मिची कोलेट ही ट्रूपर्सची एक खेळाडू. तिने पुढे प्रशिक्षक होऊन इथे पुन्हा बायकांचा फुटबॉल उभा केला. टोलीडो रेन हा संघ तिचाच. आपण ज्या मैदानावर शिकलो ते पुढच्या मुलींसाठी उघडं ठेवायचं म्हणून तिने कित्येक वर्षं घातली. मास्तर, तुम्ही म्हणालात तसा एक झपाटलेला माणूस संघ बांधतो. टोलीडोत पहिल्यांदा तो स्टाउट होता, दुसऱ्यांदा त्याच संघातली बाई होती.

रेल्वे_क्वार्टर्स

वा! हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

चढाईपटू

मौमीकाठ, मिची कोलेटबद्दल सवडीने वेगळा धागा काढाच. माझी भाची मिनिआपोलिसला असते, पुढच्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणं आहे. बॉस्टनकर भाऊ, व्हिक्सनचे सामने साधारण कधी असतात? मला मैदानावर बसून एक तरी स्वीप बघायची आहे.

बॉस्टनकर_भाऊ

ताई, हंगाम एप्रिलला सुरू होतो, अंतिम सामना जुलैत. जूनच्या आधीच जा, नाहीतर घरच्या मैदानावरचे सामने संपलेले असतील. पुढच्या रांगेत, मधल्या रेषेजवळ बसा. टॅकलचा आवाज तिथे नीट ऐकू येतो.